त्र्यंबकेश्वर येथील कालसर्प शांती : एका यजमानाचा अभिप्राय

त्र्यंबकेश्वर येथे एका गुरुजींकडे आम्ही पतीपत्नींनी गेल्या आषाढात कालसर्प शांती करून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून व्हॉट्सॲपवर एक दुवा आला आणि ‘आपला अनुभव कृपया लिहावा, इतर यजमानांना उपयोग होतो’ अशी विनंती त्याखाली होती. पाच तारे देऊन मोकळे होता आले असते; परंतु अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना आणि मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना, ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली एकच शब्द लिहून वही मिटणाऱ्यांचा मला नेहमी राग येत आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गुरुजींचे नाव देत नाही. त्यांच्या सेवेत सांगण्यासारखी मोठी उणीव नाही, आणि जी आहे ती त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकण्यासारखी नाही.

व्यवहाराचे आधी सांगतो, कारण पुष्कळांना तेवढेच हवे असते. तारीख ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने नाव, गोत्र आणि किती माणसे येणार एवढेच विचारले. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप चालेल, हेही आपणहून सांगितले. पत्रिका मागितली नाही. सामूहिक शांतीचे ३,१०० रुपये आणि स्वतंत्र बसायचे असल्यास ५,१००. साहित्य, चांदीच्या नागांची जोडी आणि दुपारचे जेवण त्यातच धरलेले, दक्षिणा मात्र वेगळी आणि ‘यथाशक्ती’. आम्ही सामूहिक घेतली. नाशिकहून रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा असल्यामुळे पहाटे निघून, कुशावर्तावर स्नान करून, नवे धोतर-उपरणे नेसून मी आणि काळा रंग वगळून निवडलेल्या साडीत पत्नी, असे आम्ही सातच्या ठोक्याला गुरुजींच्या वाड्यात हजर होतो. माजघर स्वच्छ होते, फरशी नुकतीच पुसलेली, पाट दोन रांगांत मांडलेले आणि प्रत्येक पाटापुढे ताम्हण, पळी-पंचपात्री, पानसुपारी आणि तांदळाची लहानशी रास तयार होती. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी चार खुर्च्याही ठेवलेल्या होत्या, हे विशेष नोंदवण्याजोगे आहे. गावोगावच्या सभागृहांना अजून हे सुचत नाही. विधी वेळेवर सुरू झाला आणि पावणेदहाला संपला. जेवणातले वरण साधे पण मनापासून केलेले होते, शिरा थोडा गोड जास्त. तक्रारच करायची तर एवढीच की, दक्षिणेचा क्यूआर कोड गणपतीच्या तसबिरीच्या अगदी खाली लावलेला असल्यामुळे नमस्कार करताना आपण नक्की कोणापुढे हात जोडतो आहोत याचा घोटाळा होतो.

आता आम्ही तेथे का गेलो, ते. आमची मुलगी एकतीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिच्या लग्नासाठी आम्ही तीन वर्षे वधू-वर सूचक मंडळांच्या याद्या चाळत आहोत. चार ठिकाणी गोष्टी पुढे जाऊन थांबल्या. चौथ्या वेळी मुलाच्या मामांनी फोनवर अतिशय सभ्यपणे सांगितले की मुलगी सर्वांना पसंत आहे, पण त्यांच्या ज्योतिषांच्या मते पत्रिकेत पूर्ण कालसर्प असून तो तक्षक प्रकारचा, म्हणजे नेमका विवाहस्थानाचा आहे, तेव्हा शांत केलेली असल्यास तसे कळवावे. ‘शांत केलेली असल्यास’ हे शब्द मला एखाद्या कार्यालयात ‘ना हरकत दाखला जोडलेला असल्यास’ म्हणतात तसे ऐकू आले, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे हायसेही वाटले. दोष निघाला होता, पण त्याचा दाखला मिळत होता.

मुलीने येण्यास नकार दिला. ‘बाबा, तुम्ही स्वतः मानता का?’ असे तिने विचारले, तेव्हा मी म्हणालो की मी मानत नाही, पण समोरचे लोक मानतात, आणि आईच्याही मनाला बरे वाटेल. या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढचे कित्येक दिवस ते मला पुरले.

मी मानत नाही असे म्हणतो, त्याला कारण आहे. नववीच्या मुलांना ग्रहण शिकवताना मी फळ्यावर दोन वर्तुळे काढतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे प्रत्येक अमावास्येला सूर्यग्रहण होत नाही. ती कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, ज्या दोन बिंदूंत छेदते तेथे किंवा त्यांच्या जवळपास अमावास्या-पौर्णिमा झाली तरच ग्रहण लागते, आणि त्या दोन बिंदूंची नावे राहू आणि केतू. तेथे दगड नाही, धूळ नाही, काहीच नाही. रेघ रेघेला छेदते एवढेच. हे बिंदू उलट दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. उरलेले सातही ग्रह राहू-केतूंच्या रेषेच्या एकाच बाजूला आले की कालसर्प योग झाला, असे आजचे ज्योतिषी सांगतात.

आता या व्याख्येवरच थोडा हिशेब करून पाहावा. गुरू आणि शनी सावकाश चालतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षे एकाच बाजूला सापडू शकतात. बुध आणि शुक्र सूर्याला फार लांब सोडून जातच नाहीत. मंगळाचीही एका बाजूची वस्ती महिनोन्‌महिने चालते. असे सगळे एका बाजूस जमले की राहतो फक्त चंद्र, आणि त्याला राहूपासून केतूपर्यंत जाण्यास सुमारे साडेतेरा दिवस लागतात. याचा अर्थ असा की, त्या साडेतेरा दिवसांत जगाच्या पाठीवर जे जे मूल जन्मेल, मग ते टोकियोत असो की चाळीसगावात, त्या सर्वांच्या पत्रिकेत कालसर्प असणारच. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात. तेव्हा एका पंधरवड्यापुरते म्हटले तरी सात लाखांहून अधिक भारतीय आमच्या मुलीबरोबर एकाच सर्पाच्या विळख्यात जन्मले. त्यांपैकी बहुतेकांची लग्ने एव्हाना झाली असतील आणि काहींची मुले शाळेत माझ्यासमोरही बसत असतील. हे गणित मी फोन ठेवल्यावर त्याच रात्री संगणकावर मोफत मिळणारी एक पत्रिका-प्रणाली उघडून तारखा एकेक दिवसाने पुढेमागे करून पडताळून पाहिले. पडताळून पाहिले, समाधान झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना फोन केला. हा क्रम मी मुद्दाम जसा घडला तसा लिहितो आहे.

शास्त्राच्या बाजूनेही फारसा आधार नाही. वराहमिहिराच्या बृहज्जातकात कालसर्प नाही. पाराशरी परंपरेत सर्पयोग आहे, पण तो केंद्रस्थानांतील पापग्रहांविषयीचा, वेगळाच. जुन्या ग्रंथांत हा दोष सापडत नाही हे परंपरेतले अनेक ज्योतिषीच सांगतात. आणि एकूण फलज्योतिषाविषयी म्हणाल तर २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चाचणी महाराष्ट्रात तरी ठाऊक असायला हवी. शंभर हुशार आणि शंभर गतिमंद मुलांच्या पत्रिका घेऊन प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे सत्तावीस जणांची आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. सरासरी आली सेहेचाळीस टक्के, आणि सर्वांत चांगल्या ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस उत्तरे बरोबर निघाली. मी हे प्रत्येक वर्षी वर्गात सांगतो. नारळीकर गेले त्या आठवड्यात, मे २०२५ मध्ये, शाळेला सुट्टी होती, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला पुन्हा सांगितले.

असा माणूस पाटावर बसला होता.

आमच्या रांगेत अकरा जोडपी होती. काही गुजरातेतून, काही तेलंगणातून आलेली, मराठी बोलणारी आम्हांसह तीनच. त्यामुळे सूचना हिंदीतून चालल्या होत्या. गणपतिपूजन, पुण्याहवाचन वगैरे झाल्यावर संकल्पाची वेळ आली. उजव्या तळहातावर पाणी, अक्षता, सुपारी आणि एक नाणे ठेवून डावा हात खाली धरायचा आणि गुरुजी म्हणतील ते मागून म्हणायचे. संकल्प मी आयुष्यात अनेकदा केला आहे, पण लक्ष देऊन ऐकला नव्हता. या वेळी ऐकला. जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचे तीर. शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. चंद्र कोणत्या राशीत, सूर्य कोणत्या राशीत, गुरू कोठे. मग गोत्र, मग नाव. प्रयोगवहीच्या पानाच्या डोक्यावर दिनांक, स्थळ, तापमान लिहावे तसे हे आहे, किंबहुना माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतक्या काटेकोरपणे कधी लिहिलेले नाही. ग्रहांची स्थानेही अचूक होती, कारण ती पंचांगातली, म्हणजे गणितातून आलेली. आणि एवढ्या निर्दोष मथळ्यानंतर ‘उद्देश’ या सदराची पाळी आली. माझ्या कन्येच्या जन्मकालीन कालसर्पयोगापासून उत्पन्न झालेल्या सकल दोषांच्या परिहारासाठी हे शांतिकर्म मी करतो, अशा अर्थाचे ते संस्कृत वाक्य होते, आणि त्याचे शेवटचे पद होते ‘करिष्ये’.

‘म्हणा, करिष्ये,’ गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, आणि तळहातावरचे पाणी ताम्हणात सोडले. नाण्याचा ताम्हणावर लहानसा आवाज झाला, इतका की पत्नीने माझ्याकडे पाहिले. आम्हांला शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या मास्तरांनी आत्मनेपद आणि परस्मैपद यांतला फरक समजावताना नेमके हेच उदाहरण घेतले होते. क्रियेचे फळ दुसऱ्याकडे जाणार असेल तर परस्मैपद, करणाऱ्याकडेच येणार असेल तर आत्मनेपद. म्हणून पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’ आणि यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. ‘करिष्ये’ हे आत्मनेपद आहे. मी मुलीसाठी, पत्नीसाठी, समोरच्या मामांसाठी येथे बसलो आहे असे जे स्वतःला आठवडाभर बजावत होतो, त्याला व्याकरणाने त्या क्षणी पाठिंबा दिला नाही. चौथ्या स्थळानंतर रात्री झोप लागत नव्हती ती मला. मुलीला ती व्यवस्थित लागत होती.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि ती विषयाबाहेरची नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते. राहू नावाचा राक्षस त्यात कोठेच नाही. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, ६२८ मध्ये, भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला. शून्याशी बेरीज-वजाबाकी करण्याचे नियम मांडणारा हा माणूस. त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्यास जागाच नाही. पण या ग्रंथात तो ग्रहणाचे कारण राहू नव्हे असे म्हणणाऱ्यांना, आर्यभटासह, वेद आणि स्मृती यांच्या विरोधात गेल्याबद्दल दोष देतो, आणि त्याच ग्रंथात स्वतः ग्रहणाचे गणित करतो ते मात्र पृथ्वीच्या छायेचा व्यास काढूनच. अकराव्या शतकात अल्‌-बिरूनी हा मध्य आशियातला विद्वान संस्कृत शिकून हे सारे वाचत होता, आणि त्याच्या ही विसंगती ध्यानात आली. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने स्वतःच्या सदसद्विवेकाविरुद्ध असे का लिहिले असावे, याचा विचार करताना त्याला, विचारांपायी विषाचा प्याला घ्यावा लागलेल्या सॉक्रेटिसाची आठवण झाली. म्हणजे ब्रह्मगुप्तावर तसे काही संकट आले असावे, असा त्याने कयास केला. परक्या माणसाने परक्या पंडिताला दिलेली ही सवलत मला फार उदार वाटते. परंतु ब्रह्मगुप्ताला भीती असेल तर ती राजाची किंवा समाजाची असेल. मला कोणाची होती? एका सभ्य मामांची, ज्यांना मी आजतागायत पाहिलेलेही नाही.

विधीचा मुख्य भाग त्यानंतरचा. राहू, केतू आणि नाग यांच्या प्रतिमांचे पूजन, नवग्रह, मग होम. धूर अधिक होतो, खिडकीजवळचा पाट मागून घ्यावा. होमाच्या वेळी आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई, वय चाळिशीच्या आतबाहेर, आपल्या मांडीवर एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी धरून बसली होती आणि पिशवीत एका रुग्णालयाची जाड फाईल होती. नवरा सोबत नव्हता. प्रत्येक आहुतीला ती डोळे मिटत होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती, जे गुरुजींचे मंत्र निश्चितच नव्हते. खोलीतल्या माणसांत आपण सर्वांत शहाणे आहोत, हा माझा समज तोपर्यंत शाबूत होता. तिच्याकडे पाहताना मला वाटले की ती निदान जे बोलते आहे ते तिला हवे आहे. मला तर एक ओळ हवी होती, बायोडेटात छापण्यासाठी. तिच्या श्रद्धेचा मी येथे गौरव करीत नाही, कारण ज्याने तिला रुग्णालयाची फाईल घेऊन येथे पाठवले त्याने तिचे एक दिवसाचे पैसे आणि कदाचित उपचाराचा वेळही घेतला असेल. पण त्या माजघरात लबाडी कोणी केली असे विचारले, तर बोट माझ्याकडेच येईल.

जेवणानंतर गुरुजी ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते, तेथे मी त्यांना सरळ विचारले की कालसर्प कोणत्या ग्रंथात आहे. ते रागावले नाहीत. ‘सर, मी पत्रिका बघतच नाही,’ ते म्हणाले. ‘बघणारे वेगळे, करणारे वेगळे. तुम्ही दोष घेऊन येता, मी कोणाला आहे म्हणून सांगत नाही आणि नाही म्हणूनही सांगत नाही. शांतीचे मंत्र वैदिक आहेत, ते मी चुकवत नाही. त्यात शंका असेल तर बोला.’ त्यात मला शंका नव्हती. स्वर, उच्चार, क्रम यांत कसूर नव्हती. मग मी फोनवरच्या त्या मामांकडे वळून पाहिले, म्हणजे मनाने. त्यांचेही म्हणणे असेच होते, की आम्ही काही फार मानणारे नाही, पण आमचे ज्योतिषी म्हणतात. ज्योतिषी म्हणणार, पत्रिकेत जे दिसते ते मी सांगितले, करा किंवा करू नका. मुलीची आई म्हणाली होती, करून टाकावे, त्यात तोटा काय. आणि मी म्हणालो होतो, मी मानत नाही. या सेवेची बांधणी इतकी कुशल आहे की, तिच्यातला असत्याचा वाटा कोणाच्याही पानावर पूर्ण वाढला जात नाही. प्रत्येकाच्या पानावर एक खरे वाक्य असते आणि ते खाऊन प्रत्येकजण तृप्त होऊन उठतो. ३,१०० रुपये मला या सोयीचे पडले, आणि बाजारभावाने पाहता ते फार नाहीत. ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, आणि त्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्या राज्यात मी येथे कायद्याच्या पूर्ण चौकटीत राहून बसलो होतो; तो कायदा अशा पूजांना हात लावत नाही, आणि लावावा असे माझे म्हणणेही नाही. मला कोणी फसवले नव्हते, मग कायद्याने तरी काय करावे?

येणाऱ्यांसाठी एक सूचना. त्र्यंबकेश्वराच्या देवळात, म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेल्या त्या काळ्या दगडाच्या सुंदर देवळात, दर्शनाची रांग तासन्‌तास चालते. ती टाळणे शक्य नसेल तर पाण्याची बाटली जवळ ठेवावी. पण वेळ उरल्यास निवृत्तिनाथांच्या समाधीकडे जावे. आम्ही गेलो तेव्हा पौष वद्य एकादशीची यात्रा खूप दूर होती, त्यामुळे माणसे मोजकी होती, आणि ब्रह्मगिरीवरून उतरलेल्या धुक्यात पुजारी झाडू मारीत होता. ज्ञानदेवांचे हे थोरले भाऊ आणि गुरू. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतलेल्या बापाची मुले म्हणून या चार भावंडांना वाळीत टाकले गेले आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे लागले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना आपण नेहमी मुलांच्या बाजूचे असतो. पत्नी आत हात जोडून उभी होती आणि मी बाहेर पायरीवर बसून विचार करीत होतो की, जन्माबरोबर चिकटवलेला दोष आणि तो गेल्याचा दाखला, ही जोडी या गावाला नवी नाही. मात्र या खेपेस दाखला मागायला मुलगी आली नव्हती, बाप आला होता, आणि दोष तिच्यात आहे हे त्याने, पाणी सोडून, मान्यही केले होते. हे मला संकल्पाच्या वेळी नव्हे, तेथे पायरीवर सुचले. मुलीने न येण्याचे कारण तिने मला सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

परिणामाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण अभिप्रायाच्या अर्जात तसा प्रश्न आहे. मामांना ‘शांत केली आहे’ असे कळवले. त्यांनी ‘उत्तम’ असे उत्तर पाठवले, सोबत हात जोडलेले चित्र. पंधरा दिवसांनी मुलाची बदली बेंगळुरूला झाल्याचे आणि घरच्यांचा सध्या विचार नसल्याचे कळले. मुलीने खांदे उडवले आणि कामाला गेली. त्या संध्याकाळी, शाळेतून चालत येताना, माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की मुलगी स्वतः बसली नाही म्हणून तर असे झाले नसेल ना. मी रस्त्यातच थांबलो. ज्या माणसाने साडेतेरा दिवसांचा हिशेब केला होता त्यानेच हा विचार केला, आणि तो कोणी दुसरा मानतो म्हणून नव्हे. रस्त्यावर तेव्हा दुसरे कोणी नव्हते.

शेवटी नागांविषयी, कारण त्याबाबत गुरुजींकडून सूचना स्पष्ट मिळाली नाही असे काहींनी लिहिले आहे. मला ती मिळाली होती. चांदीच्या नागांची जोडी, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, लाल कापडात बांधून देतात आणि वाहत्या पाण्यात सोडण्यास सांगतात. मी कापड खिशात घालून काठावर गेलो. पाण्यात काही टाकू नये असा फलक तेथे होता. गोदावरीचे प्रदूषण हा विषय मी शाळेत दरवर्षी प्रकल्पाला देतो, तेव्हा फलक वाचून मी मागे फिरलो, आणि त्या वेळी मला हे कारण अगदी पुरेसे वाटले. गाडीत पत्नीने विचारले, ‘अहो, नाग सोडलेत ना?’ मी हो म्हणालो. ती जोडी सध्या माझ्या टेबलाच्या खणात, भिंगांच्या पेटीमागे आहे. दोनदा टाकून द्यायला काढली होती.